ऑक्टाव्हिया व्हीआरएसला 3 इंची एक्झॉस्ट: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, 2.0 टीएसआय. कंपनीकडून येताना 230 पीएस आणि 350 एनएम. आता मोठा टर्बो आणि त्याला जुळणारं ट्यूनिंग, क्रँकला (म्हणजे चाकांवर नाही, इंजिनवर) साधारण 400 एचपी. एक्झॉस्ट टर्बोपासून शेवटच्या टोकापर्यंत 3 इंच, एसएस 304 (स्टेनलेस स्टील), जाडी 1.5 मिमी, 200 सेलचा कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर; सेल म्हणजे चौरस इंचातली छिद्रं), एक रेझोनेटर (ठराविक घूम कापणारा डबा), एक मफलर.

400 एचपीला 3 इंच बरोबर बसतो. 300 पर्यंत अडीच इंच चालून जातो. साडेतीनचा विचार 550 च्या आसपास करावा. त्याआधी फक्त वजन, आवाज आणि गाडीखाली जागेची मारामारी. "थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये अडलेल्या वायूचा दाब) हवंच, नाहीतर कमी आरपीएमचा टॉर्क जातो" हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. टर्बो गाडीत ते उलटं आहे. टर्बोतलं टर्बाइन (एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारं चाक) फिरतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब वाढला की बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब) उशिरा येतो.

अडीच इंची नळीचा आतला व्यास 60.5 मिमी, 3 इंचीचा 73.2. म्हणजे वाट जवळपास 46 टक्के जास्त. पण हे गणित नळी खरंच तेवढी असेल तरच. बाजारात "3 इंच पाइप" मागितला तर दुकानदार एनबी (नॉमिनल बोअर, पाइपचं नुसतं नावापुरतं माप) मापाचा देऊ शकतो; त्याचा बाहेरचा व्यास 88.9 मिमी. क्लॅम्प, फ्लँज (नळ्या बोल्टने जोडायच्या चकत्या) काहीच बसत नाही. मागताना "76.2 ओडी ट्यूब" (ओडी म्हणजे बाहेरचा व्यास, मिमीत) असंच म्हणा आणि व्हर्निअर घेऊन जा.

दुसरी गोची वाकांची. सायलेन्सरवाल्याच्या साध्या मशिनवर दाबून वाकवलेली नळी आतून चेपते, आणि 3 इंचाचे पैसे देऊन जेमतेम अडीच पदरात पडतो. मँड्रेल बेंडच (आतून आधार देऊन वाकवलेला, न चेपणारा) घ्या. पैसे कमी असतील तर आधी डाउनपाइप (टर्बोला लागून असलेली पहिली नळी) आणि कॅटवर खर्च करा. टर्बोतून निघालेला वायू 800 अंशांना असेल आणि मागे 400 पर्यंत उतरला, तर त्याचं आकारमान तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घटतं. म्हणून शेवटचा तुकडा अडीचचा राहिला तरी फारसं बिघडत नाही, पुढचा राहिला तर सगळं वाया.

अंदाजावर जाऊ नका, बॅकप्रेशर मोजा. कॅटच्या आधी एम18 बाय 1.5 चा बंग (आटे असलेली छोटी बैठक) वेल्ड करून अर्धा मीटर तांब्याची नळी आणि तिच्यापुढे गेज लावा (रबरी होज थेट लावला तर जळतो). फुल थ्रॉटलला, रेड लाइनजवळ 2-3 पीएसआयच्या आत असेल तर ठीक. इथे आकडा 2 च्या आसपास आहे. वाट मोकळी झाल्यावर वेस्टगेटला (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) बूस्ट आवरेनासा होऊ शकतो, त्यामुळे लॉग (गाडीच्या कंप्युटरमधली नोंद) न बघता जुन्याच ट्यूनवर दामटू नये.

घरच्यांची तक्रार मात्र आवाजाची. 2,300 ते 2,500 आरपीएमला केबिनमध्ये घुमतं. चार सिलिंडरला 2,400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 80 स्फोट, म्हणजेच 80 हर्ट्झ. यावर उपाय बंद टोकाची बाजूनळी (तिच्यातून परतलेली लाट घूम कापते); आतला वायू किती थंड राहतो त्यानुसार लांबी 1.3 ते 1.5 मीटर. एवढी नळी ऑक्टाव्हियाखाली बसवणं म्हणजे कसरतच, म्हणून लांब रेझोनेटर घातला. घूम कमी झाली, गेली नाही.

पावसाळ्यात 304 ला काही झालं नाही, पण साध्या लोखंडाचे फ्लँज गंजले. फ्लँजसुद्धा स्टीलचेच घ्या, शक्य तिथे व्ही-बँड (पट्ट्याने आवळायचा जोड). टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं) करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडायला लावा, नाहीतर जोड आतून काळा, खडबडीत होतो आणि पुढे तिथेच तडा जातो. 304 तापल्यावर दर मीटरला, 400 अंशांच्या फरकाला, जवळपास 7 मिमी वाढतं. फ्लेक्स जॉइंट आणि रबरी हँगर याचसाठी. उजव्या ड्राइव्हशाफ्टच्या बुटाजवळची (रबरी आवरणाजवळची) हीट शील्ड परत बसवली का, हे स्वतः वाकून बघा. हीट रॅप (उष्णता अडवायला गुंडाळायची पट्टी) खालच्या नळीवर नको, पाणी धरून ठेवतो. स्पीडब्रेकरला सगळ्यात खालचा भाग मागच्या सबफ्रेमपाशी येतो, तिथे ओव्हल नळी घातल्यावर घासणं थांबलं.

कायद्याचं थोडक्यात: मूळ रचना बदलली म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि आवाज-धुरासाठी कलम 190(2) लागू शकतं. कॅट काढू नका. मूळ एक्झॉस्ट भंगारात देऊ नका. जोड बोल्टचे ठेवले तर कधीही परत चढवता येतो.