सांगलीतला नाण्यांचा लिलाव : तांबे आणि पुस्तके घ्यावीत, रुपये जपून

विश्रामबागेतल्या एका सभागृहात स्थानिक संग्राहकांच्या एका गटाने नुकताच नाणी आणि नाणकशास्त्राची पुस्तके यांचा लिलाव भरवला होता. आदल्या दिवशीच्या पाहणीपासून शेवटच्या लॉटपर्यंत (एका क्रमांकाखाली विकायचा नग किंवा संच म्हणजे लॉट) मी तेथे उपस्थित होतो. हळदीच्या सौद्यांवर वाढलेल्या गावाला बोली लावायला शिकवावे लागत नाही. त्यामुळे पुकार झपाट्याने होत होते, भाव दणक्यात चढत होते आणि नवख्या माणसाला विचार करायला फारसा अवधी मिळत नव्हता. म्हणूनच, पुढच्या वेळी जाण्याचा विचार असेल त्यांनी पाहणीचा दिवस चुकवू नये, हे आधीच सांगतो.

पाहणीची व्यवस्था एकंदरीत चांगली होती. नाणी पारदर्शक पाकिटांत क्रमांक लावून ठेवली होती आणि मागितल्यावर कार्यकर्ते ती बाहेर काढून हातात देत होते. मोठ्या शहरांतल्या लिलावांची छायाचित्रे संगणकावर पाहून बोली लावण्यापेक्षा अशा गावच्या लिलावाचा खरा फायदा हाच आहे, कारण नाण्याची कड छायाचित्रात दिसत नाही आणि बनावट नाणे बहुधा कडेवरच पकडले जाते. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची शिवण घासून काढल्याच्या खुणा राहतात आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे पडतात. मात्र एवढ्या गर्दीला एकच वजनकाटा होता आणि त्यापुढे रांग लागलेली होती. एक गृहस्थ तर पाकिटातून काढलेला रुपया अंगठ्याने चोळून चकचकीत करत होते, आणि त्यांना थांबवण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही.

आता मुख्य तक्रार. सूचीमध्ये व्हिक्टोरिया राणीपासून सहाव्या जॉर्जपर्यंतचे सगळे रुपये ‘चांदीचे रुपये’ या एकाच मथळ्याखाली आणि ‘अतिउत्तम स्थिती’ या एकाच शेऱ्यासह छापले होते. ब्रिटिश अमलातल्या या रुपयांचे प्रमाणित वजन सारखेच, म्हणजे ११.६६ ग्रॅम असले, तरी १९४० पूर्वीच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी आहे, तर त्यानंतर काढलेल्या मिश्रधातूच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. पहिल्यात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम भरते आणि दुसऱ्यात जेमतेम ५.८ ग्रॅम. हा फरक सूचीत न लिहिल्यामुळे माझ्या शेजारच्या रांगेतल्या एका तरुणाने १९४४ च्या रुपयांना व्हिक्टोरियाच्या रुपयांचा भाव दिला. त्याच लॉटमध्ये वाघाचे चित्र असलेला १९४७ चा रुपयाही मिसळलेला होता. तो चांदीचा नसून निकेलचा असतो आणि लोहचुंबकाला चिकटतो. खिशात छोटे चुंबक असेल तर ही परीक्षा दोन क्षणांत होते, आणि ती आयोजकांनीच आधी करायला हवी होती.

१९३९ च्या रुपयाबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. तो दुर्मीळ असल्यामुळे त्याच्या नकला आणि आकडा बदललेली नाणी सर्वत्र फिरत असतात. येथील नाण्याच्या शेवटच्या नऊभोवतीचा पृष्ठभाग भिंगाखाली बाकीच्या आकड्यांच्या मानाने किंचित खोलगट आणि खरखरीत दिसत होता. विचारल्यावर ‘आहे तसे विकतो’ एवढेच उत्तर मिळाले. नाणे खोटेच होते असे मी म्हणणार नाही, परंतु राखीव किंमत अस्सल नाण्याची ठेवायची आणि जबाबदारी मात्र भंगाराची घ्यायची, ही पद्धत योग्य नव्हे. याउलट १९११ च्या रुपयाचे वर्णन नेमके होते. त्यातील राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांत असंतोष पसरला आणि १९१२ पासून चित्र सुधारावे लागले, ही हकीकत सूचीत दिली होतीच, शिवाय नाण्याची झीजही प्रामाणिकपणे नोंदवली होती. याचा अर्थ, मनावर घेतले की आयोजकांना नीट लिहिता येते.

तांब्याच्या टेबलावर मात्र मन रमले. ‘किरकोळ तांबे’ या नावाखाली शिवराई या मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याचे अनेक लॉट होते. बरेच संग्राहक चांदीच्या मागे असल्यामुळे भाव आटोक्यात राहिले. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेल्या या नाण्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असते. परंतु तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असल्याने एकाच नाण्यावर पूर्ण मजकूर आणि भोवतीचे टिंबांचे वलय सहसा मिळत नाही. मी घेतलेल्या एका शिवराईवर ‘श्री’ कडेबाहेर गेला आहे, पण ‘राजा’ आणि ‘शिव’ ही अक्षरे ठसठशीत आहेत आणि डावीकडे वलयाची सात-आठ टिंबे स्पष्ट मोजता येतात. तिच्यावर गडद तपकिरी रंग चढलेला आहे, अक्षरांच्या खाचांतही तोच रंग आहे, आणि यालाच जुन्या तांब्याची साक्ष म्हणायचे. पलीकडच्या लॉटमधल्या शिवराया चिंच लावून घासलेल्या होत्या. त्यांचा गुलाबी तजेला पाहून नवे गिऱ्हाईक खूश होते आणि जाणते गिऱ्हाईक पुढे सरकते. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या उत्तरकालीन दुदांडी शिवराया ढिगाने होत्या आणि संग्रहाची सुरुवात करणाऱ्यासाठी त्यांच्याइतकी स्वस्त व शिकवणारी वस्तू क्वचितच मिळेल. भोकाच्या पैशांच्या माळा शेवटी कोणीतरी मुलांसाठी घेतल्या.

पुस्तकांचे लॉट सगळ्यात शेवटी ठेवले होते आणि तोवर अर्धे सभागृह रिकामे झाले होते. याचा लाभ थांबलेल्यांना झाला. माहेश्वरी आणि विगिन्स यांचे मराठा टांकसाळी व नाण्यांवरचे, नाशिकच्या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले इंग्रजी पुस्तक येथे रुपयांच्या एखाद्या लॉटपेक्षाही कमी बोलीत गेले. सांगली-मिरजेच्या माणसाला त्याचे मोल अधिक, कारण मराठा अमलातल्या रुपयांवर मोगल बादशहाचे नाव आणि फार्सी मजकूर असतो आणि मिरजेच्या टांकसाळीचे नावही त्यावर ‘मुर्तजाबाद’ असे येते. पुस्तक जवळ नसेल तर घरात असलेला आपल्याच गावचा रुपया दिल्लीचा समजून विकला जाण्याची शक्यता राहते. प्रिडमोर यांच्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या नाण्यांवरील ग्रंथमालेतला, कंपनी सरकारच्या नाण्यांचा १९७५ चा खंडही होता. त्याची बांधणी सैल झाली होती आणि मुखपृष्ठावर ग्रंथालयाचा शिक्का होता, पण पाने पूर्ण होती. क्राऊझ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या, जगभरच्या नाण्यांच्या जाडजूड सूचीच्या जुन्या आवृत्तीतले डॉलरमधले भाव आज निरुपयोगी आहेत, तरी नाण्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे यांसाठी ती घ्यायला हरकत नाही. त्यातही १८०१ ते १९०० हा खंड संस्थानी नाण्यांसाठी अधिक कामाचा आहे. एक गोष्ट खटकली : झेरॉक्स काढून बांधलेल्या दोन प्रती ‘पुस्तक’ म्हणूनच नोंदवल्या होत्या. लॉट उचलून पाने चाळल्याशिवाय हे कळण्यास मार्ग नव्हता.

हिशेबाच्या बाबतीत मात्र आयोजकांना पूर्ण गुण द्यावे लागतील. हातोड्याच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, भावावर दहा टक्के कमिशन आधीच फलकावर लिहिले होते, अनामत त्याच संध्याकाळी परत मिळाली आणि पावतीवर लॉट क्रमांकासह नाण्याचे वर्णन होते. ही पावती जपून ठेवावी. शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात आणि खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाहीत, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्यासाठी शिवराई घेणाऱ्यांनी ती सांगलीतच ठेवावी हे बरे. शेतात नांगरताना सापडलेल्या नाण्यांविषयी एका विक्रेत्याने दबक्या आवाजात केलेली चौकशी आयोजकांनी तिथल्या तिथे थांबवली, हेही नमूद करावेसे वाटते. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

साताऱ्याहून किंवा कोल्हापुरातून येणाऱ्यांसाठी लेखी बोली पाठवण्याची सोय आहे, परंतु सूचीतली वर्णने सध्या जशी आहेत तशीच राहिली तर रुपयांच्या लॉटसाठी ती वापरू नये. पुस्तकांसाठी वापरावी, मात्र मूळ छापील प्रत आहे की झेरॉक्स, हे आधी फोन करून विचारावे.