वाइड घ्यायची की फिशआय? कॅनन १०-१८ आणि सॅमयांग ८ एमएम, दोन्ही वापरून

क्रॉप बॉडी (म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल आणि या दोन लेन्सपैकी कुठलीतरी एकच घ्यायची असेल तर कॅननची १०-१८ ही वाइड घ्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण बरेच जण सॅमयांगसारख्या फिशआयचे (खूप रुंद दिसतं, पण सरळ रेषा वाकतात अशी लेन्स) दोन-चार भन्नाट फोटो बघतात आणि ट्रेकसाठी तीच घेऊन बसतात.

१०-१८ वजनाला फक्त २४० ग्रॅम, सॅकमध्ये आहे की नाही तेपण कळत नाही. क्रॉपवर १० एमएम म्हणजे फुलफ्रेमच्या १६ एमएमसारखा व्ह्यू मिळतो. माउंट प्लास्टिकचा आहे, हूड (आडवा उजेड अडवणारी कड) वेगळा घ्यावा लागतो, अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ/४.५ पासून सुरू म्हणजे लाइट कमी असला की जरा अडचण, पण हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन खरंच कामाचं आहे. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत ट्रायपॉड नसला तरी श्वास रोखून पाव सेकंदाला हातात फोटो निघतो, पिंड, पाणी आणि तो उभा राहिलेला एकच खांब सगळं एका फ्रेममध्ये. आता तिथूनच कोकणकड्यावर जा. तो कडा मुळातच आत वळलेला आहे, त्याचं सगळं सौंदर्य त्या वळणात आहे, आणि फिशआय त्यात स्वतःचा बाक घालते, मग फोटोत कड्याचा बाक किती आणि लेन्सचा किती हे बघणाऱ्याला कसं कळणार? माझ्यासाठी लँडस्केपचा निकाल इथेच लागतो. फक्त एक, १० एमएमला लांबचा डोंगर एवढासा टेंगूळ दिसतो, म्हणून समोर अगदी जवळ खडक, झुडूप काहीतरी घ्याच. आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावाल तर आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं येतं, तो काढून ठेवा.

अ‍ॅक्शनला मात्र गणित उलटं होतं. दहीहंडीचे थर खालून काढताना किंवा मल्लखांबाच्या पोरांना हातभर अंतरावरून टिपताना १०-१८ कडेच्या माणसांची डोकी ओढून लांब करते, ते फार वाईट दिसतं. सॅमयांग ८ एमएमचं प्रोजेक्शन, म्हणजे रुंद दृश्य सपाट फोटोवर उतरवायची पद्धत, स्टिरिओग्राफिक आहे, म्हणजे कडेची माणसं इतर बऱ्याच फिशआयइतकी चेपत नाहीत, आणि याच गोष्टीसाठी ती मला मनापासून आवडते. मल्लखांबाचा खांब फ्रेमच्या मधोमध ठेवा, सरळ राहतो, कडेला गेला की धनुष्य होतं. क्षितिजाचंही तेच, मधून गेलं की सरळ.

सॅमयांगला ऑटोफोकस नाही म्हणून घाबरू नका. एफ/८ ला फोकस साधारण अर्ध्या मीटरवर लावला की पाव मीटरपासून पार अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं, मग फोकसला हातच लावायचा नाही, शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा आणि फक्त क्षण बघत रहा. फोकसच्या रिंगवरच्या आकड्यांपेक्षा लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून एकदा खात्री करा आणि रिंगला टेप लावा. पुढची काच फुगीर आहे, फिल्टर लागत नाही, गर्दीत दह्यापाण्याचे शिंतोडे थेट काचेवर येतात तेव्हा मऊ कापड खिशात पाहिजेच. आणि फोटो सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू असं म्हणून फिशआय घेऊ नका, कोपरे ताणून खराब होतात आणि कडा कापल्या जातात, मग वाइडच काय वाईट होती.

वर्षातून एखादीच हंडी काढणार असाल तर फिशआय भाड्यानेच आणा. सेकंडहँड घेताना काच टॉर्च मारून आतून बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, आणि फिशआयच्या फुगीर काचेवर बोट हळूच फिरवून ओरखडा लागतो का ते दुकानातच तपासा.