रविवार दुपारचं जॅझ : काही महिन्यांच्या हजेरीनंतर

आधी निकाल सांगते. जॅझच्या रविवारी जरूर जा, ब्लूजचा रविवार चुकला तरी फार हळहळू नका, आणि काहीही झालं तरी ड्रम्सच्या बाजूला बसू नका. आता सविस्तर.

ठिकाण वांद्र्यातलं, स्टेशनपासून रिक्षाने फार लांब नाही. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. त्या भागातले ओळखतील. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, साठ-सत्तर खुर्च्या, एका टोकाला वीतभर उंचीचं स्टेज. रात्री तिथे नेहमीचे कार्यक्रम असतात. रविवारी दुपारी मात्र जॅझ, आणि महिन्यातला एक रविवार ब्लूजचा. बोर्डावर साडेतीन लिहिलेलं असतं, पहिला सूर चारच्या आधी कधी ऐकलेला नाही. पाऊण पाऊण तासाचे दोन सेट, मध्ये कॉफीपुरती सुट्टी. सहा-सव्वासहाला आपण बाहेर. मी मुलुंडहून जाते, म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक सांभाळून. साडेतीनच्या बोर्डाला चार वाजता सुरू करणारे लोक मध्य रेल्वेच्या प्रवाशांचा विचार करत असावेत असं मी मनाशी ठरवून टाकलंय.

मी रात्रीचे कार्यक्रमही ऐकलेत, त्याच खोलीत. वादक अनेकदा तेच. फरक दुपारचा. रात्री निम्मी खोली वाढदिवस साजरे करायला आलेली असते, गाणं मागे चालू राहतं आणि बास या जाड आवाजाच्या तंतुवाद्याचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, आला की लोकांना वाटतं आता बोलायला हरकत नाही. दुपारी येणारा माणूस जेवून, वामकुक्षीवर पाणी सोडून आलेला असतो. तो ऐकायलाच आलेला असतो. शिवाजी मंदिरला रविवार दुपारचे प्रयोग पाहत वाढलेल्यांना हा प्रेक्षक लगेच ओळखू येईल. आजी-आजोबा, क्लास बुडवून आलेली मुलं, एकटे आलेले पुरुष, गटाने आलेल्या बायका. दुसरं असं, की मुंबईतल्या वादकाचं पोट लग्नं, हॉटेलं आणि कंपन्यांच्या पार्ट्यांवर चालतं, आणि हे सगळं संध्याकाळनंतरचं. दुपारी त्याला कोणी फर्माईश करणारं नसतं, म्हणून तो स्वतःला हवं ते वाजवतो. कधी चुकतो, हसतो, पुन्हा सुरुवात करतो. मला हेच जास्त आवडलं.

मी काही जॅझवाली नाही. घरात नाट्यसंगीत आणि ख्याल. त्यामुळे पहिल्या एक-दोन रविवारी मी राग शोधत बसले, आणि तसं नवखं कोणी येणार असेल तर सांगते, ते करू नका. आपल्याकडे षड्ज तंबोऱ्यात पक्का असतो, त्याच्याशी नातं जोडत सगळं चालतं. इथे पियानोवाला किंवा गिटारवाला मागे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, बदलत असतो, म्हणजे पायाखालची जमीनच सरकते. सॅक्सोफोनने धरलेला तोच सूर एका क्षणी घरचा वाटतो आणि पुढच्या क्षणी परका. गंमत तिथे आहे. मात्र आवर्तनाची सवय असलेल्या कानाला दुसरी बाजू फार सोपी जाते. बऱ्याचशा जुन्या रचना बत्तीस बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) : आठ बारची एक ओळ, तीच पुन्हा, मग आठ बारचा वेगळा तुकडा, मग पहिली ओळ परत. बारला चार मात्रा धरल्या तर १२८ मात्रांचं आवर्तन झालं. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, तिला ते हेड म्हणतात. मग प्रत्येक जण त्याच आवर्तनांवर आपापली उपज करतो आणि शेवटी पुन्हा हेड. एकदा हे बत्तीस मोजता आले की सगळा कार्यक्रम उलगडतो. समेवर येणं इथेही आहे, फक्त तिचा गाजावाजा नाही.

ठेका धरायचा तर ड्रम्सवर नाही, बासवर लक्ष ठेवा. उभा बास दर मात्रेला एक सूर देत चालत असतो. त्याच्या चालण्यात कॉर्डही कळतात आणि लयही. म्हणून माझी जागा ठरलेली, बासच्या समोर, दुसरी रांग. आणि टाळी! आपला हात भजनातल्यासारखा पहिल्या मात्रेवर पडतो. माझ्या शेजारी नेहमी बसणाऱ्या, वांद्र्यातच जन्म गेलेल्या एका अंकलनी दोन रविवार सहन केलं आणि तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, "बाई, दोन आणि चारवर. एकवर तुम्ही मारली की ड्रमर घाबरतो." तेव्हापासून मी दोन आणि चारवर पाय हलवते आणि हात मांडीवर ठेवते. सोलो संपला की मात्र टाळ्या वाजवायच्या असतात, गाणं चालू असलं तरी. आपण मध्ये "क्या बात है" म्हणतो त्याची ही जागा. एकदा मी सवयीने मोठ्याने "वाह" म्हटलं, तर सॅक्सोफोनवाल्या मुलाने वाजवता वाजवता भुवया उंचावून मान तुकवली.

नवख्यांना सुरुवात कुठून करावी असं विचारलंत तर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बममधली पहिली रचना इथे अधूनमधून वाजते, ती पकडा. तिच्यात कॉर्डची धावपळ नाही. सोळा बार एकाच स्वरसमूहावर, आठ बार तोच समूह अर्ध्या सुराने वर चढवून, पुन्हा आठ बार मूळ जागी. ख्याल ऐकणाऱ्याला इथे हातपाय पसरायला जागा मिळते.

खोलीच्या भिंतींवर जुन्या मुंबईच्या जॅझचे फोटो आहेत आणि सुट्टीत कॉफी गार होईपर्यंत मी तेच बघत असते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख आपला बँड घेऊन ताजमध्ये आला, मग पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर वाजवणारे बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे ही मंडळी मुंबईत उतरली तेव्हा कागदावरचं काहीही वाजवू शकत होती. पुढे दारूबंदी आली, नाचाच्या हॉलांची कमाई आटली आणि यातले कितीतरी जण सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळले. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करणारा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट त्यातलाच. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ. 'अलबेला' (१९५१) ची गाणी आपण लग्नाच्या वरातीत नाचून नाचून झिजवली, पण त्यातली पितळी वाद्यं कुठून आली हे मला इतक्या वर्षांनी या खोलीत कळलं. अंकलनी १९७८ ची पहिली जॅझ यात्रा, म्हणजे मुंबईतला जॅझ महोत्सव, तरुणपणी पाहिलीय, सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स ऐकलाय. ते बोलायला लागले की दुसरा सेट सुरू झाल्याचंही त्यांना कळत नाही. त्यांची नेहमीची खंत रंगभवनची. धोबीतलावच्या त्या खुल्या जागेतले कार्यक्रम शांतता क्षेत्रामुळे बंद पडले, त्याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही.

आता ब्लूज. ब्लूजची चौकट खरं तर आणखी सोपी : बारा बार, तीन कॉर्ड. चार मात्रांच्या हिशेबाने ४८, म्हणजे बारा मात्रांच्या विलंबित एकतालाची प्रत्येक मात्रा चौपट मोजली तर होतात तेवढ्याच. शब्दांतही पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसऱ्या ओळीत उत्तर. गिटारवर जे पाच सूर सतत ऐकू येतात ते आपल्या धानी रागाचे : सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. त्यात गंधार कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठेतरी खेचून लावतात, मींडेवर वाढलेल्या कानाला ती जागा लगेच लागते. म्हणजे मला तर ब्लूजच जास्त आवडायला हवं होतं.

पण होतं असं, की ब्लूजच्या रविवारी गर्दी वेगळी येते आणि बँडही तिला ओळखून वाजवतो. मेहबूब स्टुडिओ इथून जवळ. तिथे २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला, पहिल्याच वर्षी अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गाय आला. त्यातून तरुणांमध्ये ब्लूजची गोडी वाढली हे चांगलंच. मात्र बऱ्याच जणांनी त्यातून फक्त गिटारचा सोलो उचलला. साठ खुर्च्यांच्या खोलीत स्टेडियमचा आवाज लावून एक जण दहा मिनिटं तानबाजी करतो, गाणाऱ्या मुलीचे शब्द त्याखाली गाडले जातात, आणि ज्या तिसऱ्या ओळीसाठी सगळा खटाटोप, ती कुणाला ऐकूच येत नाही. अपवाद एकच लक्षात राहिला : पावसामुळे निम्मा बँड पोहोचला नाही, तेव्हा एक गिटार आणि एक माउथ ऑर्गन एवढ्यावर सेट झाला. गायक खुर्चीवर बसून, पायाने लाकडी फळीवर ठेका देत गात होता. तसा ब्लूज दर महिन्याला मिळणार असेल तर मी हे सगळं मागे घेईन.

तक्रारींची यादी फार मोठी नाही, पण आहे. कॉफीचं मशीन खोलीतच, आणि दूध गरम करायची ती शिट्टी नेमकी संथ गाण्यात, ड्रमर ब्रशने वाजवत असताना सुटते. सेट चालू असताना मशीन बंद ठेवा असं दोनदा सांगून झालं. दर वेळी "हो मॅडम". सँडविच घरून खाऊन जा. एसी सिनेमागृहासारखा, शाल ठेवा. हे मे महिन्यातही. लिफ्ट नाही, जिना उभा, कठडा डगमगता. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. स्वच्छतागृह एकच, सुट्टीत रांग. तिकीट दारावर घेतलं तर स्वस्त पडतं, ऑनलाइन घेतलं तर वर सुविधा शुल्क. जुलैत एक कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला तेव्हा तिकिटाचे पैसे परत आले, ते शुल्क मात्र आलं नाही, आणि ईमेलला उत्तरही नाही. कोण वाजवणार हे शुक्रवारपर्यंत कळत नाही, कळलं तरी बदलू शकतं. मला त्याचं फारसं वाटत नाही, पण एखाद्या ठरावीक वादकासाठी ठाण्या-कल्याणहून येणाऱ्याने शनिवारी फोन करून घ्यावा.

मोबाइलवर चित्रीकरण करणारे दुपारीही असतातच, कमी असतात एवढंच. त्यातला एक जण कायम फोन उभा धरून असतो, तो कोणत्या रांगेत बसला ते बघून मग आपली खुर्ची निवडायची.

लहान मुलांना नेता येतं का, असं बहिणीने विचारलं म्हणून लिहिते : येतं. भाचा तबला शिकतो, त्याला एकदा नेलं. दुसऱ्या सेटमध्ये सॅक्सोफोन आणि ड्रम्स आळीपाळीने चार चार बार वाजवायला लागले. "मावशी, हे तर सवाल-जवाब," असं म्हणून तो खुर्चीच्या कडेवर आला आणि शेवटपर्यंत मागे टेकला नाही. सुट्टीत ड्रमरने त्याला काठ्या हातात दिल्या, उलट्या पकडल्या तरी काही बोलला नाही. फारच लहान मूल असेल तर मात्र आवाज जास्त होईल.

तीन महिन्यांचा पास मिळतो, सुट्या तिकिटांपेक्षा बराच स्वस्त, आणि त्यात ब्लूजचा रविवार धरून किंवा वगळून असे दोन प्रकार आहेत. मी या वेळी वगळून घेतलाय. ब्लूजचं तिकीट दारावर मिळतंच, आणि पाऊस जोरात असेल त्या रविवारी मी ते काढणार आहे.