गोळी कुटायची, सिरप आणायचं की पॅच लावायचा?

१८९४ साली वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्यामुळे सांगली-मिरजेच्या वृद्धाश्रमात येणाऱ्या आजी-आजोबांची फाईल जाडच असते. हृदयाचे डॉक्टर एक, साखरेचे दुसरे, मेंदूचे तिसरे, आणि प्रत्येकाच्या दोन-तीन गोळ्या. मग कधी पक्षाघातानंतर, कधी कंपवात किंवा स्मृतिभ्रंश वाढल्यावर, पाण्याच्या घोटानेही ठसका लागू लागतो. घरची माणसं विचारतात, "सिस्टर, सगळ्या गोळ्या कुटून मधातून दिल्या तर?"

सगळ्या नाही. वृद्धाश्रमांत औषधं देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून एक पक्कं झालंय: हा निर्णय प्रत्येक गोळीचा वेगळा घ्यावा लागतो.

कुटण्यापासून सुरुवात करते, कारण तेच सगळ्यात जास्त चालतं. खर्च नाही, खलबत्ता हाताशी असतो. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनसारखी साधी गोळी डॉक्टरांना विचारून कुटता येते. पण नावापुढे एसआर, एक्सएल, सीआर किंवा ईआर असेल तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. मी पूर्वी होते त्या एका ठिकाणी आजींची बीपीची अशी गोळी कुटून दिली गेली, आणि दुपारी त्या गरगरून खाली बसल्या. त्यांचा थंड पडलेला हात मला अजून आठवतो. बीपीच्याच मेटोप्रोलॉल एक्सएलच्या गोळीला मधोमध रेघ असते, म्हणून लोकांना वाटतं की चुराही चालेल. अर्धी करता येते ती गोळी कुटता येतेच असं नाही. अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलचं उलटं आहे. त्याच्यावरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवतं, आवरण फुटलं की औषध वाया जातं. संधिवातासाठी देतात त्या मेथोट्रेक्सेटचा चुरा तर देणाऱ्या मावशींनाच घातक. शिवाय एकाच खलबत्त्यात पाच जणांच्या गोळ्या कुटल्या की एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात जातं.

सिरप त्यापेक्षा सोपं वाटतं, आणि पुष्कळदा असतंही. पण मात्रा नीट बघावी लागते. पॅरासिटामॉलच्या ५ मिली सिरपमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ५०० च्या गोळीऐवजी १० मिली लागतं. लहान मुलांची १२५ ची बाटली आणली तर २० मिली. तेही स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजायचं नाही, मापाच्या टोपणाने किंवा सिरिंजने मोजायचं. मधुमेह असेल तर बिनसाखरेचं मागा, पण त्यात सॉर्बिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर जुलाब होऊ शकतात. बीपीच्या बऱ्याच औषधांचं सिरप दुकानात सहज मिळतही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांना साध्या पाण्याने ठसका लागतो त्यांना पातळ सिरपनेही लागणार. पातळ पदार्थच आधी श्वासनलिकेकडे घसरतो. अशांना सिरप घट्ट करून द्यावं लागतं, आणि किती घट्ट ते स्पीच थेरपिस्टने (बोलण्याबरोबर गिळण्याच्या त्रासाचेही हेच तज्ज्ञ) गिळणं तपासूनच ठरवायचं. इथे एक धोका माहीत असू द्या. घट्ट करण्याची पावडर स्टार्चची असेल आणि त्यात बद्धकोष्ठाचं मॅक्रोगोल मिसळलं, तर घट्ट केलेलं पाणी पुन्हा पातळ होतं.

जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या, म्हणजे उलटीची ऑन्डान्सेट्रॉन, झटक्यांची क्लोनाझेपाम वगैरे, पाण्याशिवाय चालतात, पण थुंकी गिळता आली पाहिजे. पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी, तिला तेही लागत नाही. स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिनचा पॅच मिळतो. रोज जागा बदलायची आणि जुना आठवणीने काढायचा, नाहीतर दुप्पट मात्रा होते. तो गोळीपेक्षा महाग पडतो, तरी रोज सकाळी गोळीवरून होणारी झटापट थांबत असेल तर माझ्या मते पैसे सार्थकी लागतात.

काही जणांना अख्खी गोळी कुस्करलेल्या केळ्यात किंवा मऊ गुरगुट्या भातात छान उतरते. घोटभर पाण्यापेक्षा तो गोळा तोंडात नीट सांभाळला जातो. पण पूर्ण ताटात औषध मिसळू नका. आजोबांनी अर्धं ताट सोडलं तर औषध किती गेलं ते कुणाला कळणार? पहिल्या चमच्यातच द्या. आणि त्यांना सांगून द्या; त्यांना समजत नाही असं आपणच ठरवून टाकतो. थायरॉइडची गोळी दुधा-दह्यात नको. कंपवाताची लेव्होडोपा चुकली की हातपायांसारखंच गिळणंही जड होतं, म्हणून ती वेळेवर, जेवणाच्या अर्धा तास आधी.

कुठलाही मार्ग निवडा, पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. मान मागे टाकून औषध ओतणं बंदच करा. खोकला आला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. गिळल्यावर आवाज ओला, घोगरा झाला तरी थांबायचं.

या सगळ्याआधी एक पर्याय आहे, तो कुणी विचारतच नाही: ही गोळी अजून लागते का? हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेट पेलाभर पाण्यासोबत अख्खी गिळून अर्धा तास ताठ बसावं लागतं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गिळता न येणाऱ्याला ती द्यायचीच कशाला? वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन चालेल का ते डॉक्टरांना विचारा. पुढच्या वेळी फाईल घेऊन जाल, तेव्हा प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा.

नाकातून नळी घातली की प्रश्न मिटला, असं बरेच जण धरून चालतात. एसआर गोळी नळीतूनही चालत नाहीच. प्रत्येक औषध वेगळं द्यायचं, आधी आणि नंतर पाणी सोडायचं. नीट न विरघळलेला चुरा नळीत अडकला की ती काढून नवी घालावी लागते. आजोबांच्या नाकातून, पुन्हा एकदा.