परसातल्या पक्ष्यांसाठी ६० पट झूमचा ब्रिज कॅमेरा: वापरानंतरचा अनुभव

वॉरंटी संपत आलेली असताना माझ्या ब्रिज कॅमेऱ्याचे (भिंग बदलता न येणारा, लांब झूमचा कॅमेरा) भिंग बाहेर येऊन अडकून बसले आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ झळकली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. झूमची पल्ला सांगणारे २४ (सर्वांत रुंद दृश्य) ते १४४० मिमी (सर्वांत जवळचे) वगैरे आकडे जाहिरातीत असतातच. त्यांवर शब्द खर्च करत नाही.

माझी मुख्य तक्रार एकच आहे: हा कॅमेरा झोपतो. थोडा वेळ हात लागला नाही की बॅटरी वाचवण्यासाठी भिंग आत ओढून घेतो आणि बटण दाबल्यावर ते घरघरत पुन्हा २४ मिमीपासून बाहेर काढतो. मेनूत ही मुदत वाढवता येते, पण सोय पूर्ण बंद करता येत नाही. चिपळूणच्या आमच्या परसात जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर एवढा वेळ थांबत नाही. फुलात समोरून शिरण्याच्या भानगडीत न पडता तो पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसतो, मध ओढतो आणि झूम जागेवर येईपर्यंत कुंपणापलीकडे गेलेला असतो.

परसातला पक्षी जेमतेम पंचवीस फुटांवर असल्यामुळे ६० पट झूम ही मला निव्वळ जाहिरातबाजी वाटत होती. ते मत तांबट पक्ष्याने बदलायला लावले. सावरीच्या उंच वाळक्या फांदीला खालच्या बाजूने त्याने ढोली कोरायला घेतली, तेव्हा पूर्ण झूमवर चोचीभोवतीचे राठ केस आणि बाहेर फेकला जाणारा भुसा स्पष्ट दिसला. या किमतीत हे दुसऱ्या कशातून दिसले नसते. शिवाय तारीखवार फोटो लावल्यावर शिंजिराच्या नराचा पालटही उलगडला: विणीनंतर पिवळट पोटावर उरलेला काळा पट्टा आणि मग ठिगळाठिगळांनी परतणारी जांभळी झळाळी. मात्र हे सारे ऊन असेपर्यंतच! उजेड टिपणारा सेन्सर अवघा ६.२ × ४.६ मिमीचा आणि पूर्ण झूमला उजेड आत घेणारे छिद्र एफ ६.५, म्हणजे अरुंद, त्यामुळे आषाढातल्या अंधारात बुलबुलाचे लाल बूडदेखील मळकट येते.

सेवाकेंद्राने ‘कोकणातली दमट हवा, वॉरंटीत बसत नाही’ असे कळवून कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीचा अंदाज पाठवला. बुरशी किंवा पाणी शिरल्याचा फोटो पाठवा, असे मी लेखी विचारले. तो आला नाही, आणि बऱ्याच ईमेलनंतर भिंग पुढेमागे नेणारे गिअर झिजल्याचे मान्य झाले. म्हणजे जी सोय बॅटरीचे चार पैसे वाचवते, तिनेच भिंगाचा बळी घेतला, असे माझे मत आहे. दुरुस्ती विनामूल्य झाली, कुरिअरचा खर्च मात्र माझ्या माथी आला.

आता कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतो आणि पक्ष्याची वाट पाहताना शटरचे बटण अधूनमधून अर्धे दाबून त्याला जागा ठेवतो. उडते पक्षी टिपायचे असतील तर याच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी दिवाळीनंतर घ्यावा. तेव्हा ऊन स्वच्छ असते, स्थलांतरित धोबी पक्षी अंगणात उतरू लागलेले असतात आणि पहिला पावसाळा वॉरंटीतच पार पडतो.