मायएसक्यूएलचा डेटा नव्या डिस्कवर: डेटाडिर बदलायचा की बाइंड माउंट?

उबुंटूवर मूळ डिस्क भरत आली की मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर न्यावाच लागतो. सर्व्हिस थांबवून 'आरसिंक -ए' ने डेटा हलवायचा, इथवर वाद नाही. रूटने साधं 'सीपी -आर' वापरलं तर सगळ्या फाइल रूटच्या मालकीच्या होतात आणि सर्व्हिस तिथेच अडते. पुढे दोन वाटा आहेत: कॉन्फिगमध्ये डेटाडिरला (डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारी सेटिंग) नवा पाथ द्यायचा, किंवा पाथ तोच ठेवून नवं फोल्डर त्या जागी बाइंड माउंट करायचं, म्हणजे ते जुन्या पाथवरच दिसेल असं जोडायचं.

डेटाडिर बदलणं सरळ वाटतं. एका ओळीचं काम, आणि पुढे दुसऱ्या कुणी कॉन्फिग उघडलं तरी डेटा कुठे आहे ते लगेच कळतं. ही जमेची बाजू मोठी आहे.

पण सर्व्हिस सुरू करायला जावं तर लॉगमध्ये एरर नंबर 13, 'परमिशन डिनाइड'. 'एलएस -एल' मध्ये मालक मायएसक्यूएल, ग्रुप मायएसक्यूएल, फोल्डर 700, म्हणजे फक्त मालकाला मुभा. 'नेमआय -एल' ने वरच्या प्रत्येक फोल्डरचा एक्स बिट (आत शिरायची परवानगी) पाहिला तरी सगळं जागच्या जागी. अडवत असतो ॲपआर्मर, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइली उघडायच्या ते ठरवणारी उबुंटूची सुरक्षा यंत्रणा. त्याच्या प्रोफाइलमध्ये परवानगी पाथनुसार असते आणि नवा पाथ तिथे नसतो. मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये ॲपआर्मरचं नावही येत नाही. 'डिनाइड'ची ती ओळ 'जर्नलसीटीएल -के' मध्ये सापडते. ते माहीत नसलं की माणूस चाऊन-चमॉड (मालकी आणि परवानगी बदलणाऱ्या कमांड) करत बसतो आणि शेवटी 777, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देतो. त्याने काही सुटत नाही. उलट कॉन्फिग फाइलला 777 लागलं तर मायएसक्यूएल ती वाचायचीच सोडून देतं. जुन्या जागेवरून नव्या पाथकडे बोट दाखवणारी सिमलिंकही उपयोगाची नाही, कारण ॲपआर्मर खरा पाथ पाहतो.

उपाय आहे: ॲपआर्मरच्या ट्यूनेबल्समधल्या एलियस फाइलमध्ये जुना पाथ, बाण, नवा पाथ. दोन्ही पाथच्या शेवटी स्लॅश, ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, मग ॲपआर्मर रीलोड. चालतं. पण आता एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली आहे. नवा सर्व्हर उभारताना कॉन्फिग आठवणीने उचललं जातं, एलियस मागे राहतो, आणि पुन्हा तोच 13 नंबर. माझं मत इथेच बाइंड माउंटकडे फिरलं.

बाइंड माउंटला एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) एक ओळ पुरते: नवा पाथ, जुना पाथ, नन, बाइंड, 0 0. ॲपआर्मरला जुनाच पाथ दिसतो, प्रोफाइलला हात लावावा लागत नाही. डेटा मात्र डिस्कच्या मुळाशी न ठेवता आतल्या फोल्डरमध्ये ठेवावा, नाहीतर डिस्कच्या मुळाशी आपोआप बनलेलं लॉस्ट-फाउंड फोल्डर डेटाबेसच्या फाइलींत येऊन बसतं.

धोका इथेही आहे. रीबूटला माउंट झालं नाही आणि खाली जुना डेटा तसाच पडलेला असला, तर सर्व्हिस तोच उघडून बसेल. म्हणून जुनं फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला ठेवावं, त्या जागी रूटच्या मालकीचं रिकामं फोल्डर करावं आणि 'सिस्टिमसीटीएल एडिट' ने युनिट सेक्शनमध्ये 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' ही ओळ जुन्या पाथसह टाकावी. माउंट फसलं तर सर्व्हिस सुरूच होत नाही. जुन्या डेटावर नव्या नोंदी पडण्यापेक्षा ती बंद राहिलेली बरी.

रेड हॅट किंवा रॉकी असेल तर माझा कौल इतका ठाम नाही. तिथे ॲपआर्मरच्या जागी असलेला एसईलिनक्स पाथ पाहत नाही, फाइलवरचं लेबल पाहतो, त्यामुळे लेबलं नीट लावणारं 'रिस्टोअरकॉन' दोन्ही वाटांवर आलंच. तिथे 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने नव्या पाथची नोंद करून डेटाडिर बदललेला बहुधा सोपा पडतो.