कर्तव्य की परिणाम? श्रद्धा असलेल्या माणसाने निवड कशी करावी

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत एकच, कायम खरं बोलायचं. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या डोळ्यांदेखत रानात शिरतात. मागून दरोडेखोर येतात आणि विचारतात, ते कुठे गेले? कौशिक खरं ते सांगतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो.

१७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने एका छोट्या निबंधात जवळपास हाच पेच घेतला. खुनी विचारतो आहे, तुमचा मित्र आत लपला आहे का? खोटं बोलून मित्राचा जीव वाचणार असला तरी खोटं बोलायचा हक्क कोणाला नाही, असं कांटचं उत्तर.

म्हणजे इथे परिणामांकडे बघतो तो धर्मग्रंथ, आणि नियमाला चिकटून राहतो तो बुद्धीला सर्वात वर ठेवणारा तत्त्वज्ञ. श्रद्धाळू माणूस कर्तव्यवादी, म्हणजे काही झालं तरी नियम पाळणारा, आणि नास्तिक माणूस परिणामवादी, म्हणजे कृत्याचं फळ बघून ठरवणारा, हा समज त्यामुळे आधी सोडून द्यावा. श्रद्धा दोन्ही घरांत नांदते, फक्त प्रत्येक घरात तिचं काम वेगळं असतं. निवड करायची ती या कामाकडे बघून.

कर्तव्याच्या बाजूला श्रद्धा काय करते

इथे पुन्हा दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. पहिली वाट आज्ञेची: ईश्वराने सांगितलं म्हणून ते योग्य. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादात सॉक्रेटिस हिलाच हात घालतो. एखादी गोष्ट देवांना प्रिय आहे म्हणून पवित्र, की पवित्र आहे म्हणून प्रिय? पहिलं म्हणाल तर देवाने उद्या उलट सांगितलं तर काय करायचं, हा प्रश्न उरतो. दुसरं म्हणाल तर योग्य-अयोग्य देवाच्या आधीच ठरलेलं असतं.

दुसरी वाट कांटची. त्याच्या मते कर्तव्य बुद्धीतूनच कळतं, त्यासाठी ईश्वराची आज्ञा लागत नाही. पण चांगल्या माणसाला शेवटी सुख मिळेल ही आशा टिकवायला ईश्वर आणि आत्म्याचं अमरत्व गृहीत धरावं लागतं, हे त्याने १७८८ साली मांडलं. श्रद्धा इथे हुकूम देत नाही, हुकूम पाळताना लागणारा धीर देते.

दोन वाटांमधलं अंतर बायबलमधल्या अब्राहमच्या कथेत उघडं पडतं. मुलाचा बळी दे, अशी देवाची आज्ञा त्याला होते. कांट १७९८ साली लिहितो की अब्राहमने म्हणायला हवं होतं: मुलाला मारू नये हे मला नक्की माहीत आहे, पण तू देव आहेस हे नक्की नाही. डॅनिश विचारवंत कीर्केगार्दने १८४३ साली याच अब्राहमला श्रद्धेचा वीर ठरवलं. कर्तव्याच्या बाजूने झुकत असाल तर या दोघांपैकी तुमचा कोण, हे आधी ठरवा. माझा कल कांटकडे आहे. आतला प्रत्येक आवाज ईश्वराचाच आहे, असं मानणारा माणूस मला धोक्याचा वाटतो.

श्रद्धाळू कर्तव्यवाद्याला एक मोठी सवलत मात्र मिळते. फळ त्याच्या हातात नाही आणि ते कोणाच्या हातात आहे यावर त्याचा विश्वास आहे. गीतेतला ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ याच बळावर उभा राहतो. श्रद्धा नसलेल्या कर्तव्यवाद्याला मात्र नियम पाळल्यामुळे झालेलं नुकसान एकट्याने सोसावं लागतं. पण हीच सवलत पळवाटही होते. मी माझं कर्तव्य केलं, पुढचं देव बघेल, असं म्हणून हात झटकता येतात. कौशिकाने नेमकं तेच केलं.

परिणामांच्या बाजूला

कांटचं नीतिशास्त्रावरचं पहिलं मोठं पुस्तक १७८५ सालचं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम पेली या धर्मगुरूने आपली मांडणी छापली: सद्गुण म्हणजे ईश्वराच्या इच्छेनुसार, चिरंतन सुखासाठी, मानवजातीचं भलं करणं. ईश्वराला आपलं सुख हवं आहे, म्हणून ज्याने सुख वाढेल तीच त्याची इच्छा समजावी, असा हिशेब. पुढे इंग्रज तत्त्वज्ञ मिलनेही बजावलं की ईश्वराला आपण निर्मिलेल्या जीवांचं सुख हवं असेल तर उपयुक्ततावाद, म्हणजे ज्याने जास्तीत जास्त सुख होईल ते योग्य हे मत, निरीश्वरवादी नाही, उलट सर्वात धार्मिक आहे. उपयुक्ततावादाचा आद्य पुरस्कर्ता बेंथम याचा टोमणा मात्र लक्षात ठेवावा. ईश्वराला काय हवं हे आपण ओळखतो ते बहुतेक वेळा आपल्याला आधीच काय योग्य वाटतं त्यावरूनच.

म्हणजे श्रद्धा इथे हिशेबाची वही बदलते. कोणाकोणाला मोजायचं आणि हिशेब किती काळ चालवायचा, हे ती ठरवते. मरणानंतरचं आयुष्य वहीत शिरलं की आकडे अनंत होतात आणि खरा धोका तिथे आहे. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचंच बघा. कुठलंही खोटं पाप आहे, असं त्याचं कडक मत. नियमाच्या बाबतीत तो कांटचा पूर्वजच म्हणावा. पण दोनातुसपंथीयांवर, म्हणजे चर्चमधून फुटून निघालेल्या एका ख्रिस्ती पंथावर, सक्ती करावी का, या प्रश्नावर त्याने मत फिरवलं, आणि त्याने दिलेलं कारण परिणामांचं होतं. त्याचं स्वतःचं गाव रोमन बादशाही कायद्यांच्या भीतीने हा पंथ सोडून मूळ चर्चमध्ये परतलं, हे त्याने पाहिलं होतं. आत्म्याचा कायमचा उद्धार एका पारड्यात टाकला की दुसऱ्या पारड्यात ठेवलेली कुठलीही इहलोकीची सक्ती हलकी वाटू लागते.

महायान बौद्धांच्या एका सूत्रात या धोक्याला लगाम सापडतो. पाचशे व्यापाऱ्यांना मारायला निघालेल्या दरोडेखोराला जहाजाचा कप्तान ठार करतो. तो व्यापाऱ्यांना सांगत नाही, कारण मग तेच त्याला मारतील आणि पाप त्यांच्या माथी येईल. खून करून दरोडेखोर नरकात जाऊ नये, हेही कप्तानाला हवं असतं. स्वतः नरकात जायची तयारी ठेवून तो हे करतो. नियम मोडण्याची किंमत तो दुसऱ्याच्या नावावर लिहीत नाही. परिणामवादी श्रद्धाळूसाठी मला हीच कसोटी सर्वात कामाची वाटते: या हिशेबात तुम्ही स्वतः किती भरणार आहात?

मग निवडायचं काय

धर्मपरंपरांनी स्वतः क्वचितच एकच बाजू शुद्ध ठेवली आहे. यहुदी धर्मात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, मोडायला नियमच मुभा देतो, शिवाय मूर्तिपूजा, निषिद्ध संभोग आणि खून यांना ही मुभा लागू नाही, तेही सांगतो. कॅथलिक चर्चने १९९३ सालच्या एका पोपपत्रात उलट रेघ ओढली: काही कृत्यं मुळातच वाईट, कुठल्याही परिणामाने ती चांगली ठरत नाहीत.

मला विचाराल तर पैसा, वेळ, मदत यांची वाटणी करताना परिणामांचा विचार धरा. दान कुठे द्यावं या प्रश्नाला ‘दान करणं माझा धर्म आहे’ हे उत्तर अपुरं आहे. कोणाला किती उपयोग झाला, हे मोजावंच लागतं. दिलेला शब्द, आपल्यावर विसंबलेला माणूस, आणि स्वतःला सूट देण्याचा मोह असेल तिथे कर्तव्य धरा. अशा वेळी हिशेब करणारा आणि फायदा घेणारा एकच असतो, आणि श्रद्धेमुळे तो हिशेब आपोआप प्रामाणिक होत नाही.

निर्णय तुमच्या एकट्याचा नसेल, म्हणजे रुग्णालयाची नीतिसमिती किंवा एखादा कायदा असेल, तर आणखी एक फरक जाणवेल. ‘माझ्या देवाने सांगितलं’ हे कारण शेजारी बसलेल्या दुसऱ्या धर्माच्या किंवा निधर्मी माणसाला तपासता येत नाही. रुग्णाला किती वेदना होतील, किती दिवस मिळतील, हे तपासता येतं. रुग्णाला न विचारता त्याच्यावर काही लादू नये, ही कांटची बाजूही त्याला पटवता येते. आज्ञेची वाट धरलेल्याला तिथे आपलं म्हणणं या दोनपैकी एका भाषेत नव्याने मांडावं लागेल.